आंदणाचा बैल

"तात्या, पाखऱ्याला आज जुपू नगा. खुरात कायतरी गेलंय त्याच्या. वाटंत लंगडल."

माझा थोरला भाऊ, शिदूदादा, माझ्या सासऱ्यांना सांगत होता. उजाडायचं होतं. अंगणात पाच गाड्या लावलेल्या, चाकांना वंगण घातलेलं, बैलांच्या शिंगांना गोंडे. सगळं गाव सासऱ्यांना तात्या म्हणे, मीही तेच म्हणायची. तात्यांनी वाकून पाखऱ्याचा एकेक पाय उचलून पाहिला आणि ते मोठ्यांदा हसले.

"पाव्हणं, काय बी झाल्यालं न्हाई. तुमीच दिल्याला बैल, आन तुमीच त्याचा पाय वढताय व्हय?"

भावकी हसली. दादा हसला नाही. माझे मालक, गुलाबराव, जुवाच्या सापत्या, बैलांच्या गळ्यातले पट्टे, तपासत होते, ते मान वर न करता पुटपुटले, "ऱ्हाऊ द्या की घरी. उन्हाचा तरास हुईल त्याला." तात्यांनी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. आमच्या घरात तात्यांचं पाहणं म्हणजे निकाल असायचा. ह्यांनी पुन्हा सापत्यांत तोंड घातलं.

मला दोघांचाही राग आला. माझ्या भानूचं जावळ काढायला आम्ही घाटापलीकडं कुळस्वामीला निघालो होतो. भानू सव्वा वर्षाचा होता. पहिल्या केसांना वस्तरा लावायचा तो लेकराला मामाच्या मांडीवर बसवून, म्हणून दादाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. पुढची गाडी माझ्या लेकराची, आणि त्या गाडीला माझ्या माहेरचा बैल नको? तो बैल माझी इज्जत होता. अंगावर घातलेल्या दागिन्यापेक्षा मला त्याचा तोरा जास्त होता, हे आता चाळीस वर्षांनी सांगायला लाज कसली.

त्याचं असं झालं होतं. वडील आधीच वारलेले, दादानं मला उजवून दिली ती नेसत्या लुगड्यानिशी. सासरी दावणीला आठ बैल, चार म्हशी. माझ्या सासूला, आत्याबाईंना, कुणी विचारो न विचारो, सांगायची हौस: "आमची सून मोकळ्या हातानं आली." पाणी भरताना, भाकरी थापताना, पाहुण्यांसमोर. पहिल्या सणाला माहेरी गेले तेव्हा दादाच्या गळ्यात पडून रडले. म्हटलं, मला हाकलूनच दिलंस की रे.  दीड-एक महिन्यानं एका सकाळी दादा दारात उभा, हातात कासरा, कासऱ्याला पांढराशुभ्र खोंड. "अन्सूचं आंदण ऱ्हायलं हुतं," म्हणाला. आत्याबाईंचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. माझी मान त्या दिवशी ताठ झाली, ती दोन वर्षं ताठच होती.

तेव्हा पाखऱ्याच पुढं जुंपला. त्याच्या जोडीला सरदार. तात्या हाकायला, मागं मी, भानू आणि आत्याबाई. ह्यांची दुसरी गाडी, मध्ये भावकीच्या दोन, आणि सगळ्यांत शेवटी नैवेद्याचं सामान आणि बोकड बांधलेली गाडी. दादा त्या शेवटच्या गाडीत जाऊन बसला. म्हटलं, "दादा, पुढं ये की." तर म्हणाला, "बोकडाला कोण बघल?" बोकडाला बघायला काय मामा लागतो?

घाट चढलो, उतरलो. बायकांनी गाणी म्हटली, पोरांनी उसाची कांडी चघळली. दुपारी ओढ्याच्या काठी जांभळीखाली गाड्या सोडल्या. दशम्या, लसणाची चटणी, वांग्याचं कोरड्यास, वर गूळ. दादानं अर्धी दशमी खाल्ली आणि म्हणाला, "तात्या, हितनं फुडं नदीच्या अंगानं जाऊ. सावली हाय."

"दोन कोस लांब पडतं."

"पडू द्या की."

"लेकराचं जावळ हाय, माझं मढं न्हाई न्ह्यायचं नदीवर," तात्या म्हणाले. "सरळ वाट सोडून माणूस जातो कशाला?"

दादानं ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मी ते पाहिलं, पण पोटात अन्न आणि मांडीवर निजलेलं लेकरू असलं की बाईच्या डोक्यात काही शिरत नाही.

पुन्हा गाड्या जुंपल्या. वैशाखातलं ऊन. दशम्या अंगावर आल्या. आत्याबाई बसल्या जागी घोरू लागल्या, तात्यांचा कासरा हातात सैल पडला, मान छातीवर आली. बैलगाड्यांच्या रांगेला एक बरं असतं, पुढचा बैल चालला की मागचे त्याच्या मागं चालतात. मागचे गाडीवान झोपले तरी चालतं. पुढचा झोपला तर काय होतं, ते त्या दिवशी कळलं.

एका चिंचेपाशी वाटेला फाटा फुटला. पाखऱ्या थांबला. नाक वर करून त्यानं वारा हुंगला. मग असा हंबरला, की दोन वर्षांत मी त्याचा तसा आवाज ऐकला नव्हता. आणि डाव्या हाताच्या वाटेला लागला. सरदार जरा अडला, पण पाखऱ्यानं त्याला खेचलं. मला वाटलं, हीच वाट असेल. मला काय ठाऊक देवाचा रस्ता? मागच्या चारी गाड्या आमच्या मागोमाग वळल्या. आता पाखऱ्या चालत नव्हता, पळत होता. गाडी उडू लागली तेव्हा तात्या दचकून जागे झाले, "हो, हो!" करत कासरा ओढू लागले, पण तो बैल कुणाच्या बापाला ऐकेना. मागच्या गाडीतून ह्यांचा आवाज आला, "तात्या, वढा! वढा त्याला!" एवढ्या जिवाच्या आकांतानं ओरडताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं.

एका एकट्या वस्तीवर गाडी शिरली. कुडाचं घर, तुळस, एक शेवग्याचं झाड. पाखऱ्या थेट गोठ्यापाशी गेला. गोठ्यात एकच गव्हाण, तीही रिकामी. त्यानं जुवासकट मान खाली घातली आणि रिकाम्या गव्हाणीत तोंड खुपसून उभा राहिला. मागोमाग चारी गाड्या अंगणात आल्या. गोंडे, हळदीकुंकू, नव्या लुगड्यांतल्या बायका, बोकड. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो.

घरातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, उन्हानं काळवंडलेली, हातात सूप. तिनं बैलाकडं पाहिलं आणि सूप तिच्या हातातून पडलं.

"बाळक्या!"

बैलानं मान वर केली. ती धावत आली, त्याच्या गळ्याला मिठी मारली, आणि तो तिचं कपाळ चाटू लागला. मग ती आमच्याकडं वळली. डोळ्यांतून धारा, आणि तोंडभर हसू.

"तुमी आणलासा व्हय माझ्या लेकराला? कुठं घावला? देवावानी आलासा बघा. बसा, बसा, पानी आणते. गोजराबाई म्हंत्यात मला. दोन वरसं झाली, गोठ्यातनं न्हेला कुणीतरी. म्या हुडकायचं काय ठिवलं न्हाई."

 तात्या हळूहळू गाडीतून उतरले. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावरचं बोरही न खाल्लेला माणूस. ते म्हणाले, "बाई, तुमचा कायतरी घोटाळा हुतोय. ह्यो बैल माझ्या सुनंच्या माहेरचा. आंदण आल्याला."

गोजराबाईचं हसू विरलं, पण आवाज चढला नाही. "याची आई याला सोडून मेली. म्या बोळ्यानं दूध पाजून वाडवलाय त्याला. डाव्या कानामागं बिब्ब्याचा डाग हाय. म्याच लावला हुता बिब्बा. बघा."

तात्यांनी कान उलटून पाहिला. डाग होता. दोन वर्षं मी त्या बैलाला रोज हातानं चारा घातला, पण कानामागं कधी पाहिलं नव्हतं.

"शिदू पाव्हणं," तात्यांनी हाक मारली, "वाईच फुडं या."

दादा शेवटच्या गाडीतून उतरून आला. त्याचा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं. म्हणजे मला तसं वाटलं. लंगडणारा पाय, नदीकडची वाट, बोकडाची राखण.  माझ्या रडण्यापायी माझ्या भावानं चोरी केली होती.

"बैल कुठनं आणला हुता?" तात्यांनी विचारलं.

दादा म्हणाला, "बाजारातनं."

"कंच्या बाजारातनं?"

दादा बोकडाच्या गाडीकडं पाहू लागला. भावकीतली माणसं गाड्यांवरून खाली उतरली, कडं करून उभी राहिली. आत्याबाई माझ्याकडं टक लावून पाहत होत्या. गोजराबाईनं आम्हा सगळ्यांना न्याहाळलं आणि तिची नजर माझ्या कडेवरच्या भानूवर थांबली.

"ह्येचं जावळ हाय व्हय?" ती दादाला म्हणाली. "मग असं कर, बाबा. तू इकत घेतला आसशील, तर ह्या लेकराच्या डोस्क्यावर हात ठिवून सांग. माझा बैल म्या सोडून दीन. पुन्ना नाव काडणार न्हाई."

"रास्त हाय," कुणीतरी म्हणालं. तात्यांनीही मान हलवली.

आमच्यात लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तर लेकरू जगत नाही. मला हे जसं ठाऊक होतं, तसं त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दादा माझ्याकडं आला. दोन पावलं, तीन पावलं. त्याचे डोळे भरलेले. त्यानं दोन्ही हात भानूकडं पुढं केले.

मी भानूला मागं ओढलं.

नुसतं ओढलं नाही, हिसडून ओढलं. पाठ फिरवली. भानू भोकाड पसरून रडू लागला.  सख्ख्या बहिणीनंच निकाल दिला होता. दादाचे हात तसेच हवेत होते. मग त्यानं ते खाली घेतले.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच न्हेला बैल."

"अरं देवा!" आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "चोराची भन घरात आणली गं बाई आमी!"

मला वाटलं, धरणी फाटावी. गोजराबाई मात्र दादाकडं डोळे बारीक करून पाहत होती.

"कसा न्हेलास? सांग मला."

"रातच्याला आलो. तू निजली हुतीस. दावं कापलं आन..."

"दावं?" गोजराबाई म्हणाली. "कसलं दावं? ह्यो दावं तोडून माझ्यामागं रानात यायचा, म्हनून म्या त्याला साखळी केल्याली. साखळीला कडी हुती, कडीला खिळा. तुला ते बी ठावं न्हाई. तू न्हेला न्हाईस, बाबा."

 दादा पायाच्या अंगठ्याकडं पाहत होता. मान वर करून कुणाकडं बघेना. ज्याच्याकडं बघायचं नव्हतं, तो आपण होऊन पुढं आला.

"खिळा म्या काडला, मावशी," माझे मालक म्हणाले.

गोजराबाईनं त्यांना निरखलं आणि ती एक पाऊल मागं सरली. "तू! तू देवाला तेल घिऊन चालला हुतास. तहान लागली म्हनलास. माझ्या दारात बसून दोन तांबं ताक प्यालास की रं."

"व्हय."

"आन मग?"

"आठ दिसांनी परत आलो."

तात्यांनी गाडीच्या दांडीला धरलं. "का रं, गुलाब? आपल्या दावणीला बैलं कमी हुती?"

ह्यांनी उत्तर दिलं ते कुणालाच ऐकू जाऊ नये अशा आवाजात, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "आई हिला रोज मोकळ्या हाताची म्हणायची. मला आईफुडं बोलवंना. घरात बैल मागून मिळाला नसता. शिदूला म्याच म्हनलं, तू आंदण म्हनून घिऊन ये. त्यो नगं म्हणत हुता. म्या पाय धरलं त्याचं."

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मी नवऱ्याकडं बघत राहिले. दोन वर्षं ज्यानं माझ्या बाजूनं आईसमोर एक अक्षर काढलं नाही, ज्याला मी मनात नेभळट म्हणत आले, त्यानं माझ्यासाठी ताक पाजणाऱ्या बाईचा गोठा रिकामा केला होता. मला त्याची किळस यावी की त्याच्या पायाशी बसून रडावं, हे कळेना. आजही नीट कळत नाही.

"बाई," तात्या गोजराबाईला म्हणाले, "बैल गेल्यावर रान कसं केलंत?"

"एका बैलावर सावड हुती माझी शेजाऱ्यासंगं, त्येचा एक बैल आन माझा एक. बैल गेला, सावड बी मोडली." तिनं खांद्यावरचा पदर जरा सरकवला. मानेच्या कडेला कातडं काळं, जाड झालेलं. "दोन वरसं कोळपं म्याच वढलं. काय करणार?"

तात्यांनी तो खांदा पाहिला. ते पाखऱ्यापाशी गेले, स्वतःच्या हातानं त्याच्या सापत्या सोडल्या, गोंडे तेवढे राहू दिले, आणि बैल गोजराबाईच्या हवाली केला. मग रिकाम्या जुवाकडं बोट दाखवून आपल्या एकुलत्या एका मुलाला म्हणाले, "घाल मान."

"तात्या!" भावकीतलं कुणीतरी ओरडलं.

"चिंचंच्या फाट्यापतोर," तात्या म्हणाले. "तितं भाड्यानं दुसरा बैल बघीन. घाल."

ह्यांनी फेटा काढला आणि सरदारच्या शेजारी जुवाखाली मान घातली. कुणी हसलं नाही. गोजराबाई घरात गेली आणि तांब्या घेऊन आली. "उन लई हाय," ती म्हणाली, "पी." तिनं तांब्या ह्यांच्या तोंडाला लावला. ताक होतं. ते दोन घोट प्यायले आणि त्यांना ठसका लागला, मग ते जुवाखाली उभ्या उभ्या लहान पोरासारखे रडले.

मला तेव्हा भान आलं. मी दादाकडं वळले. तो आपलं घोंगडं खांद्यावर टाकत होता. मी धावत गेले आणि भानूला त्याच्यापुढं धरलं.

"दादा, घे याला. चुकले मी. घे ना."

दादानं हात पाठीमागं नेले.

"अन्सू, म्या हात कशाला फुडं केलं हुतं, ठावं हाय तुला?"

मी भानूला आणखी पुढं केलं.

"मधनं लेकरू बाजूला घ्यावं म्हनून. आपल्या भांडणात लेकराचं डोस्कं नगं म्हनून. त्याला तुज्या सासूकडं दिऊन मंग बैल चोरीचा हाय म्हनून सांगणार हुतो. नाव माझंच घेणार हुतो." त्यानं भानूकडं पाहिलं, पण हात पुढं केला नाही. "तू मला चोर समजलीस, त्येचं काय न्हाई. चोराचा साथीदार हायच की म्या. पर तुझ्या लेकराची म्या खोटी आण घीन, असं वाटलं व्हय गं तुला?"

"नाही रे दादा..."

"वाटलं की. वढलंस न्हवं."

तो गेला. आम्ही ज्या वाटेनं आलो होतो त्या वाटेनं, पायी. मी त्याला हाका मारल्या. त्यानं वळून पाहिलं नाही. आमच्या गाड्याही त्याच वाटेला लागल्या, पण तो झपाझप चालत होता आणि आमच्या पुढच्या गाडीला एक बैल आणि एक माणूस जुंपलेला होता. मी गाडीत बसले नाही. भानूला कडेवर घेऊन चाकाच्या बाजूनं चालत राहिले. ह्यांच्या मानेवरून घाम आणि नंतर थोडं रक्त येऊ लागलं, पण माझी नजर लांब जाणाऱ्या घोंगड्यावर होती. फाट्यावर पोचलो तेव्हा वाट रिकामी होती.

देवाला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. जावळ दुसऱ्या दिवशी सकाळी. देवळाच्या ओवरीत चटई टाकली, बायकांनी हळदीकुंकू मांडलं. न्हाव्यानं वस्तरा परजला आणि इकडंतिकडं पाहिलं.

"मामा कुठाय लेकराचा?"

"येतोय," आत्याबाई माझ्याआधी म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता.  त्या उठून देवळाच्या पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसल्या. "येईल. थांबा वाईच."

आम्ही थांबलो. ऊन ओवरीत आलं, तशी चटई सरकवली. दुसऱ्या गावच्या लोकांची दोन जावळं होऊन गेली, दोन्ही लेकरं मामांच्या मांडीवर. तात्या खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. हे मान वळवू शकत नव्हते, तरी वळून वळून रस्त्याकडं बघत होते. भानूला भूक लागली, मी त्याला पाजलं, तो निजला, उठला. आत्याबाई पायरीवरून हलल्या नाहीत.

न्हावी पुन्हा आला. "बाई, दुपार झाली. मामा येणार हाय का न्हाई?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. मी उठले, चटईवर बसून मांडी घातली आणि भानूला मांडीवर घेतलं.

"भाऊ होता मला," मी म्हणाले. "काल घालवला. लावा वस्तरा."